स्वच्छ बोलणाऱ्या मुलाला स्पीच थेरपी कशासाठी?

या वेळी भांडुपच्या एका मातेचे पत्र उत्तरासाठी घेतले आहे. पत्र मोठे आहे. त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत असा:

"माझा मुलगा साडेआठ वर्षांचा आहे. मराठी शाळेत, सेमी-इंग्रजीच्या वर्गात तिसरीत शिकतो. अजून तो एकेक अक्षर लावत वाचतो, जोडाक्षर आले की अडतो आणि ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरतो. तोंडी विचारले तर पुष्कळदा उत्तर येते, पण लिहायला बसवले की वही कोरी राहते. बेरीज-वजाबाकी जमते, शाब्दिक उदाहरणे जमत नाहीत. तो बोलायला उशिरा लागला होता आणि लहानपणी त्याचा कान वारंवार वाहत असे. सासूबाई म्हणतात, आळस आहे. शिकवणीच्या बाई म्हणतात, लक्ष नाही. त्याचे बाबा म्हणतात, मीही असाच होतो, माझे काय अडले? आता शाळेच्या समुपदेशकांनी स्पीच थेरपिस्टकडे जायला सांगितले आहे. तो तोतरा नाही, बोबडाही नाही, मग स्पीच थेरपी कशासाठी? त्यापेक्षा आणखी एक शिकवणी लावावी का? नातेवाईक म्हणतात, घरात मराठी बंद करा, दोन भाषांनी त्याचा गोंधळ होतो. तपासणी केली तर कायमचा शिक्का बसेल अशीही भीती वाटते. परवा त्याने मला विचारले, 'आई, मी ढ आहे का?' मला उत्तर देता आले नाही."

ताई, सप्रेम नमस्कार.

समुपदेशकांनी दिलेला सल्ला योग्य आहे आणि तो अमलात आणण्यास आता उशीर करू नये, असे मला वाटते. आपला गोंधळ झाला तो नावामुळे. 'स्पीच थेरपी' हे तोंडी रूढ झालेले अर्धेच नाव आहे. या व्यवसायाचे पूर्ण नाव वाचा-भाषा उपचार असे आहे, आणि त्यात उच्चार, तोतरेपणा, आवाजाचे दोष यांचा भाग जेवढा आहे, तेवढाच मोठा भाग भाषेचा आहे. शब्दातले आवाज सुटे करून ओळखणे, शब्दांचे अर्थ साठवणे आणि हवा तेव्हा हवा तो शब्द आठवणे, लांब वाक्य शेवटपर्यंत मनात धरून ठेवणे, ऐकलेली हकिगत क्रमाने सांगणे, स्पष्ट न सांगितलेली गोष्ट ताडणे, ही सगळी भाषेची कामे आहेत. मुलाचे उच्चार अगदी स्वच्छ असतानाही यातली काही कामे कच्ची राहिलेली असू शकतात, आणि रोजच्या 'जेवलास का, दप्तर भरलेस का' या बोलण्यात तो कच्चेपणा कुणाच्या लक्षात येत नाही. तो उघडा पडतो पुस्तकासमोर, कारण वाचन आणि लेखन याच कामांच्या आधाराने होते.

हे नीट उमगण्यासाठी आपल्या लिपीकडे थोडे बारकाईने पाहावे लागेल. इंग्रजी स्पेलिंगच्या तुलनेत देवनागरी उच्चाराशी पुष्कळ प्रामाणिक आहे, हा तिचा मोठा गुण. पण मुळाक्षरे, प्रत्येकाची बाराखडी आणि त्यावर जोडाक्षरे धरली तर लहान मुलाला शेकडो आकृत्या ओळखाव्या लागतात, आणि त्यांतल्या काही आकृत्यांत डोळ्यांचा क्रम एक व कानांचा क्रम दुसरा असतो. 'किती' लिहिताना पहिली वेलांटी 'क'च्या आधी दिसते, पण तोंडातून 'क्' आधी निघतो. 'कुर्ला' म्हणताना 'र्' हा 'ला'च्या आधी ऐकू येतो, पण कागदावर तो 'ला'च्या डोक्यावर जाऊन बसतो. आपण मध्य रेल्वेने जात असाल तर एकाच 'र'ची किती रूपे वाटेत भेटतात ते पाहा. 'परळ'मध्ये तो सबंध उभा आहे, 'कुर्ला' आणि 'कांजूरमार्ग' यांत रफार होऊन वर गेला आहे, 'विक्रोळी'त 'क'च्या पायाशी तिरकी रेघ झाला आहे, आणि 'महाराष्ट्र' लिहिताना 'ट'च्या खाली त्याचा आकार पुन्हा बदलतो. ज्या मुलाच्या मनात 'कुर्ला' या शब्दाचे क्, उ, र्, ला असे तुकडे स्वच्छ पडतात, त्याला ही सारी रूपे एकाच 'र'ची आहेत हे एकदा सांगून पुरते. ज्याच्या मनात ते पडत नाहीत, त्याला प्रत्येक आकृती स्वतंत्र चित्र म्हणून पाठ करावी लागते, आणि एवढी चित्रे कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. आपला मुलगा जोडाक्षरापाशी थांबतो तो बहुधा इथे.

डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणारी टिकाऊ अडचण, असलेल्या मुलांना अक्षरे उलटी दिसतात, ही समजूत आपल्याकडे फार पसरलेली आहे. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची गल्लत सुरुवातीला सगळीच मुले करतात. जी मुले पुढेही करत राहतात, त्यांच्यापैकी बहुसंख्य मुलांची मूळ अडचण दृष्टीत नसून शब्दातल्या आवाजांच्या जाणिवेत आणि आवाज व अक्षर यांची गाठ पक्की होण्यात असते. डोळे तपासून घ्यावेत, चष्मा लागला तर तो वापरावा, पण त्यापुढे जाऊन रंगीत काचांचे चष्मे किंवा डोळ्यांचे महागडे व्यायाम करून वाचन सुधारते याला विश्वासार्ह आधार मिळालेला नाही. त्यावर पैसे घालू नका.

थेरपिस्टच्या खोलीत यावर जे काम चालते ते बाहेरून पाहणाऱ्याला खेळ वाटते. 'कपाट'मधला 'क' काढून टाकला तर काय उरेल? पाट. 'सकाळ'मधला 'स' काढला तर? काळ. 'पाऊस'मधला 'पा' काढला तर ऊस उरतो, हे ऐकून मुले खुदकन हसतात. मराठी मुलाला असे सबंध अक्षराचे तुकडे तुलनेने लवकर पाडता येतात. त्यापुढची पायरी अवघड आहे: अक्षराच्या पोटात शिरून 'कान'मधला नुसता 'क्' वेगळा करणे, त्याच्या जागी 'प्' ठेवून 'पान' आणि 'र्' ठेवून 'रान' करणे, 'पत्र' या शब्दात किती आवाज आहेत हे प्रत्येक आवाजाला एक बटण सरकवत मोजणे. जोडाक्षराला याच पायरीची गरज असते आणि इंग्रजी वाचनाला तर ती पहिल्या दिवसापासून लागते. खेळ तोंडी सुरू झाला तरी तो लगेच लिहिलेल्या अक्षराशी जोडला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने 2000 साली अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन हेच नोंदवले होते की, आवाजांचे शिक्षण अक्षरे हाताळत दिले तर ते अधिक फळते. म्हणून 'त्' आणि 'र' यांची बटणे जवळ आली की त्याच वेळी 'त्र' कसा होतो हे पाटीवर काढून दाखवायचे आणि मुलाकडून काढून घ्यायचे, असा क्रम असतो.

मराठीत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे शिकवणीत क्वचितच लक्ष दिले जाते. आपले शब्द प्रत्यय लागताना आपले रूप बदलतात. 'घोडा' वाचता येणारे मूल 'घोड्यावरून' पाशी अडखळते. 'पाणी' येते, 'पाण्यातल्या' येत नाही. 'मूल' येते, 'मुलांसाठी' पाहून बिचकते. घोडा, घोड्या, घोड्यावर, घोड्यावरून अशी साखळी तोंडी पक्की झाली आणि कुठवर मूळ शब्द आहे व कुठून प्रत्यय सुरू होतो हे मुलाला बोट ठेवून दाखवता आले, की पाच-सहा अक्षरांचा लांब शब्द त्याच्यासाठी दोन ओळखीचे तुकडे होतो. व्याकरणाच्या तासाला सामान्यरूप म्हणून जे पुढे शिकवले जाते, तेच इथे व्याख्येशिवाय, कानाने आणि हाताने शिकवले जाते. भाषेत मागे राहिलेल्या मुलांच्या बोलण्यातही हे प्रत्यय गळतात किंवा चुकतात, आणि थेरपिस्ट पहिल्याच भेटीत ते टिपून ठेवतात.

आता अर्थाकडे येते. 1986 साली गॉफ आणि टनमर या दोन संशोधकांनी वाचनाचे एक साधे सूत्र मांडले: अक्षरे उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता, म्हणजे वाचून समजणे. त्यांनी बेरीज न घेता गुणाकार घेतला, यात सगळे आले. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येते. या सूत्राचा अर्थ मला थेरपिस्ट म्हणून माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मुलाने शिकवला. त्याच्या अक्षरांवर मी सात-आठ महिने मन लावून काम केले. तो घडघडा वाचू लागला, त्याच्या घरी पेढे वाटले गेले, आणि सहामाही परीक्षेत तो पुन्हा नापास झाला. वाचलेल्या परिच्छेदातले त्याला काहीच सांगता येत नव्हते. त्याची शब्दसंपत्ती किती तोकडी आहे आणि लांब वाक्य त्याला तोंडी तरी कळते का, हे मी सुरुवातीला तपासायला हवे होते. मी तपासले नव्हते. त्या मुलाचे एक वर्ष माझ्यामुळे गेले, याची खंत मला आजही आहे. म्हणून आपल्याला आवर्जून सांगते की, ज्या थेरपिस्टकडे आपण जाल त्यांनी मुलाचे नुसते वाचन तपासले तर ती तपासणी अपुरी समजा. त्याला ऐकून किती कळते, हे स्वतंत्रपणे तपासले गेले पाहिजे.

समजण्याचे काम कसे होते याचे एक उदाहरण देते. 'आभाळ भरून आले तशी आजीने गॅलरीतले वाळवण आत घेतले.' या वाक्यावर मी मुलांना विचारते, आजीने वाळवण आत का घेतले? पावसाने ते भिजेल, असे वाक्यात कुठेही लिहिलेले नाही. वाचणाऱ्याने ते आपल्या पदरचे घालायचे असते. काही मुले म्हणतात, 'आजीने घेतले म्हणून घेतले.' मग आम्ही पुस्तक बाजूला ठेवतो, आभाळ, पाऊस, पापड, भिजणे, वाया जाणे अशी चित्रांची ओळ मांडतो आणि 'म्हणून', 'नाहीतर', 'तरीही' हे शब्द त्या चित्रांमध्ये पुलासारखे ठेवत जातो. आपल्या शालेय पुस्तकांत या शब्दांवर फार मोठा भार असतो. प्रश्नपत्रिकेतले 'कारणे द्या', 'फरक स्पष्ट करा', 'थोडक्यात सांगा' हे शब्दही शिकवावे लागतात. 'फरक' म्हटल्यावर दोन्ही बाजू सांगायच्या असतात, हे मुलाला आपोआप कळेलच असे आपण धरून चालतो.

आपल्या मुलाला बेरीज-वजाबाकी येते आणि शाब्दिक उदाहरण येत नाही, याचाही उलगडा पुष्कळदा इथेच होतो. राधाकडे 12 गोट्या आहेत. तिच्याकडे सचिनपेक्षा 5 गोट्या कमी आहेत. तर सचिनकडे किती? मूल 'कमी' हा शब्द पकडते आणि 12 मधून 5 वजा करून 7 असे उत्तर देते. त्याचे गणित बरोबर आहे; वाक्यातले कोण कोणापेक्षा कमी, हे त्याच्या हातून निसटले आहे. सेमी-इंग्रजीत हेच उदाहरण इंग्रजीतून येते, तेव्हा ओझे दुप्पट होते. त्यात आपली मराठी संख्यानामे: 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि साठ नंतर, त्यामुळे आवाजांचा क्रम धरताना गोंधळणारे मूल सहज 36 लिहून मोकळे होते. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन' अशा धर्तीची संख्यावाचनाची पद्धत दिली, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला होता. माझे मत असे आहे की, अडणाऱ्या मुलासाठी 'साठ आणि तीन, म्हणजे त्रेसष्ट' हा पूल काही महिने जरूर वापरावा, पण त्रेसष्ट हा शब्द त्याच्यापासून काढून घेऊ नये. बाजारात, बसमध्ये आणि आजीच्या तोंडी तो त्याला ऐकायचाच आहे.

कोऱ्या वहीबद्दल थोडे. लिहिताना मुलाला एकाच वेळी विचार जुळवायचा, वाक्य रचायचे, शब्दातले आवाज काढायचे, त्यांची अक्षरे आठवायची आणि हाताने ती वळवायची असतात. यातली दोन-तीन कामे कष्टाची असतील तर बाकीच्यांसाठी बळ उरत नाही. थेरपिस्ट आधी तोंडी गोष्ट बांधून घेतात, कोण, कुठे, काय अडचण आली, मग काय केले, शेवटी काय झाले, असे पाच खांब मुलाच्या डोक्यात रोवतात, आणि त्याने सांगितलेली गोष्ट सुरुवातीला स्वतः लिहून घेतात. आपले बोलणे कागदावर उतरलेले पाहून मुलाला जे वाटते, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पुढे हळूहळू लेखणी त्याच्याकडे जाते.

आता आपल्या पत्रातल्या दोन वाक्यांकडे वळते, जी आपण ओघात लिहून गेलात आणि जी मला सर्वांत महत्त्वाची वाटली. कान वारंवार वाहत असे आणि बोलायला उशीर झाला, असे आपण लिहिता. मधल्या कानात पाणी साचून राहिले की ऐकू येणे कमी-जास्त होत राहते. घरात कुणाच्या लक्षात येत नाही, पण भाषा घडण्याच्या वयात 'ट' आणि 'त', 'स' आणि 'श' असे बारीक फरक निसटू शकतात. म्हणून थेरपीच्या आधी ऑडिओमेट्री (किती ऐकू येते याची) आणि टिंपॅनोमेट्री (पडदा व मधल्या कानाची) या दोन तपासण्या करून घ्या आणि कान अजून वाहत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. बोलायला उशिरा लागलेली बरीच मुले पुढे इतरांच्या बरोबरीला येतात. काहींच्या बाबतीत मात्र तो उशीर वाचनात पुन्हा डोके वर काढतो. दुसरे म्हणजे त्याचे बाबा. वाचनाची ही अडचण कुटुंबात चालत येते. आई-वडिलांपैकी एकाला ती असेल तर मुलाला ती असण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा बरीच जास्त असते. 'मीही असाच होतो' हे त्यांचे वाक्य थेरपिस्टच्या दृष्टीने मोलाची माहिती आहे. त्यांनाही पहिल्या भेटीला सोबत न्या. त्यांचे आयुष्य मार्गी लागले, हे खरेच आहे, आणि त्यांना शाळेत किती बोलणी खावी लागली असतील हेही तितकेच खरे असेल; ते त्यांनी मुलाला सांगितले तर बरे होईल.

आणखी एक शिकवणी लावू नका. शिकवणीत वर्गात झालेलाच धडा पुन्हा होतो, अधिक वेगाने आणि थकलेल्या मुलासमोर. त्याला धड्याच्या खाली जे कच्चे राहिले आहे त्यावर काम हवे आहे. ते काम वाचा-भाषा थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक मिळून करतात. आवाज, शब्द, वाक्य, आकलन, कथन हा भाग मुख्यतः थेरपिस्टचा; वाचन, लेखन आणि गणित टप्प्याटप्प्याने, भरपूर सरावासह शिकवणे हा भाग मुख्यतः विशेष शिक्षकाचा. दोघांच्या कामाची हद्द एकमेकांत मिसळलेली असते आणि ती तशीच असावी. दोघांनी महिन्यातून एकदा तरी एकमेकांशी आणि वर्गशिक्षकांशी बोलणे मात्र आवश्यक आहे.

घरात मराठी बंद करण्याचा सल्ला कृपा करून मानू नका. दोन भाषा ऐकल्याने भाषेचा दोष उत्पन्न होत नाही, आणि ज्या मुलांना तो आधीच आहे, त्यांचाही तो दोन भाषांमुळे वाढतो असे आढळलेले नाही. खरा दोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो, म्हणून तपासणीही मराठीतून व्हायला हवी; केवळ इंग्रजी चाचणीवरून मराठी घरातल्या मुलाचे निदान करणे चुकीचे आहे, आणि हे आपण थेरपिस्टना स्पष्टपणे विचारू शकता. आपण आणि सासूबाई ज्या भाषेत मोकळेपणाने रागावता, समजावता, आठवणी सांगता, तीच भाषा त्याला भरभरून मिळाली पाहिजे. एका भाषेत पक्की झालेली आवाजांची जाण आणि गोष्ट सांगण्याची हातोटी दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते. सासूबाईंना तर माझी खास विनंती कळवा: त्यांच्याकडची कोडी रोज एक याप्रमाणे नातवाला घाला. 'पाटीलबुवा राम राम, दाढीमिशा लांब लांब' यावरून मक्याचे कणीस ओळखणे, हा शब्दांच्या मागचा अर्थ ताडण्याचाच अभ्यास आहे, आणि तो त्यांच्याइतका चांगला मी घेऊ शकणार नाही.

मुंबईत कुठे जावे, असे आपण विचारले नाही, तरी सांगते. वांद्रे रेक्लमेशन येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात वाचा व श्रवण विभाग आहे. नायर आणि शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय येथे अध्ययन अक्षमतेची, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणींची, तपासणी होते. भांडुपहून शीव आपल्याला सोयीचे पडेल. सार्वजनिक रुग्णालयांत खर्च कमी असतो, पण तारखेसाठी थांबावे लागते, म्हणून नाव आजच नोंदवा. शिक्षणसंस्थांमध्ये आपल्या मुलासोबत काही वेळा प्रशिक्षणार्थी काम करतील. त्यांच्यावर अनुभवी शिक्षकांची देखरेख असते, संकोच बाळगू नका. खासगी थेरपिस्टकडे गेलात तर त्यांचे शिक्षण विचारा. या विषयाची पदवी चार वर्षांची असते, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असायला हवी. नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान काही नाही. 'तीन महिन्यांत डिस्लेक्सिया बरा' असे कुणी म्हणत असेल तर तिथून उठून या. प्रामाणिक थेरपिस्ट दोन-तीन महिन्यांनी कोणती ठरावीक गोष्ट मुलाला यायला हवी हे आधी सांगतील, ती आली की नाही हे मोजून दाखवतील, आणि आली नसेल तर पद्धत बदलतील. एकूण काम वर्ष-दोन वर्षे चालू शकते. वाचन अचूक झाल्यावरही वेग कमी राहणे शक्य आहे, हे आताच मनाशी धरून ठेवा.

शिक्क्याची भीती मला समजते, पण या बाबतीत कागद मुलाच्या बाजूचा आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात महाराष्ट्राने 1996 साली केली, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. जादा वेळ, गरजेनुसार लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष अशा सवलती प्रमाणपत्राच्या आधारे मिळू शकतात. हे निदान साधारणपणे मूल आठ वर्षांचे झाल्यावर किंवा तिसरीत गेल्यावर केले जाते, म्हणजे आपला मुलगा अगदी योग्य वयात आहे. त्यात मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन करतात, शैक्षणिक चाचण्या होतात, आणि थेरपिस्टचा भाषेचा अहवाल त्याला जोडला तर चित्र पुरे होते. थेरपी मात्र प्रमाणपत्राची वाट पाहत थांबवू नका. तिला कोणत्याही कागदाची गरज लागत नाही.

घरी रोज 15 मिनिटे पुरेत. त्याच्या वाचनाच्या पातळीहून सोपे पुस्तक घ्या. एक वाक्य आपण वाचा, एक तो वाचेल. अडला तर पाच सेकंद थांबा, मग पहिला तुकडा आपण सांगा आणि पुढे जा. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावू नका, त्याने हात तेवढा दुखतो. झोपताना त्याला आवडेल अशी, त्याला स्वतःला वाचता येणार नाही अशी अवघड गोष्ट आपण वाचून दाखवा, कारण अक्षरे येईपर्यंत त्याचे शब्द आणि त्याची समज उपाशी राहता कामा नये. लोकलमधून जाताना फलकांवरचे 'र' शोधू द्या.

आता त्याचा प्रश्न. मराठीत बिचाऱ्या 'ढ'ला आपण हा अर्थ चिकटवला आहे, आणि ज्या मुलाची अक्षरांशीच झुंज चालली आहे, त्याने स्वतःला एका अक्षराच्या नावाने विचारावे, हे वाचून मी पत्र काही वेळ खाली ठेवले. त्याला उत्तर हवे आहे, आणि ते आपणच द्यायचे आहे. एखाद्या निवांत वेळी, अभ्यासाची वही समोर नसताना, त्याला सांगा: 'नाही. तू त्या दिवशी तोंडी बरोबर उत्तर दिलेस, म्हणजे तुला ते येत होते. शब्दांतले आवाज वेगळे करायला आणि ते अक्षरांशी जोडायला तुझ्या मेंदूला जास्त वेळ लागतो, बाबांच्याही मेंदूला लागायचा. ते शिकवणाऱ्या एक बाई आहेत, आपण तिघे त्यांच्याकडे जाणार आहोत.' तो पुन्हा विचारेल, दोन दिवसांनी, वेगळ्या शब्दांत. तेव्हाही हेच सांगा.

पहिल्या भेटीला त्याच्या रोजच्या वह्या घेऊन जा, खाडाखोड आणि लाल शेरे असतील तशाच. कानाच्या जुन्या तपासण्यांचे कागद असतील तर तेही ठेवा, आणि तो पहिला शब्द कधी बोलला, दोन शब्द जोडून कधी बोलू लागला, हे सासूबाईंना विचारून एका चिठ्ठीवर लिहून न्या.